एका प्रयोगाला किती युनिट? संशोधनासाठी ग्राफिक्स कार्ड बदलताना



मागच्या आठवड्यात मंठ्याहून एका मुलीचा मेसेज आला. "ताई, पेट निघाली, गाइडही मिळाले. डीप लर्निंगवर काम करायचंय. घरी २०१७ चा पीसी आहे, त्यात ६ जीबीचं जीटीएक्स १०६० आहे. ते काढून नवीन घ्यायचं म्हणतेय, पण पप्पा म्हणतात आधी लाईट बिल बघ. फास्ट आणि लाईट कमी खाणारं असं कोणतं कार्ड घेऊ?"

असा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. एका मॉडेलचं नाव सांगून मोकळं होता येतं, पण ते नाव सहा महिन्यांत जुनं होतं, आणि तुमचं काम माझ्या कामासारखं असेलच असं नाही. म्हणून निवड कशी करायची, ते सविस्तर लिहिते. कार्ड घ्यायला निघाला असाल तर दुकानात जाण्याआधी हे वाचा. दहा-पंधरा मिनिटं जातील, पण तीस हजारांचा प्रश्न आहे.

आधी माझी चूक

माझं काम उपग्रहाच्या चित्रांवरून पिकं ओळखण्याचं. सेंटिनेल-२ हा युरोपीय उपग्रह १३ पट्ट्यांमध्ये जमीन टिपतो, काही पट्ट्यांमध्ये १० मीटर इतक्या बारकाईने. त्यावरून जालना जिल्ह्यातली कापूस, सोयाबीन आणि मोसंबी वेगळी काढायची. मोसंबीच्या बागेत पावसाळ्यात आंतरपीक असलं की मॉडेल गडबडतं, हा माझा मुख्य प्रश्न.

२०२३ च्या मे महिन्यात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची होती. अंबड तालुक्यातल्या घरी बसून काम चालू होतं. त्याच्या आधी मी एक जुनं, २५० वॅटचं कार्ड स्वस्तात घेतलं होतं. मेमरी भरपूर, वेग बरा, किंमत निम्मी. एसएमपीएस मात्र जुनाच ठेवला. त्यावर ४५० वॅट लिहिलेलं होतं, मी ते वाचलं आणि विश्वास ठेवला.

समितीच्या बारा दिवस आधी रात्री दोनला जळका वास आला. एसएमपीएस गेला होता, जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला. सहा दिवसांचं ट्रेनिंग त्याच डिस्कवर होतं आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. अण्णा टॉर्च घेऊन उभे, म्हणाले, "मोटार घेताना आधी केबल आणि स्टार्टर बघतो आपण. तू नुसती मोटार बघितलीस." समितीपुढे मी अर्धेच निकाल घेऊन गेले. सर रागावले नाहीत, पण एक सत्र वाढलं. फेलोशिपच्या काळात एक सत्र म्हणजे काय, ते फेलोशिपवर जगणाऱ्याला सांगायला नको.

तेव्हापासून मी कार्डाकडे एकटं बघत नाही. कार्ड, एसएमपीएस, घरची लाईट, खोलीतलं तापमान आणि आपलं काम असा सगळा मिळून विचार करते. खालचा क्रम त्यातून आलाय.

पायरी पहिली: कार्ड खरंच अडतंय का?

ट्रेनिंग चालू असताना जीपीयूचा वापर किती टक्के आहे ते बघा. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबत एसएमआय नावाचं छोटं साधन येतं, ते वापर, मेमरी, तापमान आणि वॅट सगळं दाखवतं. वापर सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड खरोखर कामात बुडालेलं आहे. वापर ३० टक्के, मग शून्य, मग पुन्हा ३० असा उड्या मारत असेल तर कार्ड रिकामं बसून डेटाची वाट बघतंय.

माझ्या पहिल्या वर्षी हेच होत होतं. सेंटिनेल-२ च्या एका टाइलमध्ये १० मीटरच्या पट्टीला १०,९८० गुणिले १०,९८० पिक्सेल असतात. त्याचे २५६ गुणिले २५६ चे तुकडे पाडले तर साधारण पावणेदोन हजार पूर्ण तुकडे निघतात. असे हंगामभरातल्या पंधरा-वीस तारखांचे तुकडे मी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून एकेक वाचत होते. एसएसडी बसवली आणि डेटा वाचणाऱ्या प्रक्रिया एकाच्या चार केल्या, तेव्हा जुनं कार्डच धावायला लागलं. खर्च कार्डाच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

म्हणून नियम असा: वापर ९० टक्क्यांवर नेता येतो का ते आधी बघा. तिथे पोचल्यावरही वेळ पुरत नसेल तरच पुढे वाचा.

पायरी दुसरी: मेमरीची चाळणी

मंद कार्डावर काम उशिरा होतं. मेमरी कमी पडली तर काम होतच नाही. त्यामुळे पहिली चाळणी मेमरीची.

ढोबळ हिशेब सोपा आहे. ॲडम या नेहमीच्या पद्धतीने साध्या ३२ बिटांत ट्रेनिंग केलं तर मॉडेलच्या प्रत्येक पॅरामीटरला १६ बाइट लागतात: ४ वजनाला, ४ ग्रेडियंटला आणि ८ ॲडमच्या नोंदींना. रेसनेट-५० मध्ये सुमारे अडीच कोटी पॅरामीटर आहेत, म्हणजे ०.४ जीबी. काहीच नाही! पण १०० कोटी पॅरामीटरचं भाषेचं मॉडेल घेतलं तर १६ जीबी इथेच संपले.

चित्रांच्या कामात खरी मेमरी मधल्या थरांचे निकाल खातात, आणि ते चित्राच्या आकारावर आणि बॅचवर वाढतात. चित्राची बाजू दुप्पट केली की हा भाग चौपट होतो. त्यामुळे अंदाजावर जाऊ नका. कोलॅब किंवा कॅगलवर फुकटचं १६ जीबीचं जीपीयू मिळतं, तिथे आपलं मॉडेल एकदा चालवा आणि मेमरी कुठपर्यंत चढते ते लिहून ठेवा. माझा आकडा १० जीबीच्या आसपास आला. त्या एका आकड्याने बाजारातली अर्धी कार्डं माझ्यापुरती बाद झाली.

पायरी तिसरी: वॅट वेगळे, युनिट वेगळे

आता लाईटचं बघू. आपल्या जालन्याला स्टीलचं गाव म्हणतात. एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या मोठमोठ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. तिथल्या माणसाला विचारा, "तुमची भट्टी लाईट किती खाते?" तो नुसता भार सांगून थांबणार नाही. तो सांगेल, "टनाला इतके युनिट." मोठी भट्टी एका वेळी जास्त वीज ओढते, पण माल लवकर वितळवते. त्याचा नफा-तोटा ठरतो तो टनामागच्या युनिटवर.

आपला टन म्हणजे एक प्रयोग. वॅट म्हणजे या क्षणी वीज किती ओढली जातेय. १००० वॅट एक तास ओढले की एक युनिट. त्यामुळे बघायचं ते एवढंच: एक प्रयोग पूर्ण व्हायला भिंतीतून किती युनिट गेले?

यात एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. कार्ड चालू असतं तेवढा वेळ बाकीचा पीसीही चालू असतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, पंखे, मॉनिटर मिळून ८० वॅट धरा. समजा, जुनं कार्ड १२० वॅटचं आहे आणि प्रयोगाला १० तास लागतात. एकूण २०० वॅट गुणिले १० तास, म्हणजे २ युनिट. नवीन कार्ड १७० वॅटचं, पण तिप्पट वेगाचं. एकूण २५० वॅट, वेळ ३ तास २० मिनिटं, म्हणजे ०.८३ युनिट. जास्त वॅटचं कार्ड, पण प्रयोगामागे निम्म्याहून कमी लाईट.

हे मोजायला मोठं उपकरण लागत नाही. प्लगमध्ये लावायचा एनर्जी मीटर मिळतो. तोही नसेल तर घरच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा वापरा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करा, ट्रेनिंग चालू ठेवा आणि एक मिनिट मोजा. १३ वेळा लुकलुकला तर १३ भागिले ३२०० युनिट एका मिनिटात, म्हणजे साधारण २४४ वॅट. मीटरला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. एसएमआयमध्ये दिसणारे वॅट फक्त कार्डाचे असतात. मीटर सगळ्याचा हिशेब सांगतो.

कार्डांची तुलना

आता कागदावरचे आकडे बघू. हे कंपनीने जाहीर केलेले आहेत. कमाल वेग टेराफ्लॉप्समध्ये दिलाय, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणितं.

- जीटीएक्स १०६० (२०१६): ६ जीबी, १२० वॅट, सुमारे ४.४ टेराफ्लॉप्स, मेमरीचा वेग सेकंदाला १९२ जीबी
- आरटीएक्स ३०६० (२०२१): १२ जीबी, १७० वॅट, सुमारे १२.७ टेराफ्लॉप्स, ३६० जीबी
- आरटीएक्स ४०६० (२०२३): ८ जीबी, ११५ वॅट, सुमारे १५ टेराफ्लॉप्स, २७२ जीबी
- आरटीएक्स ४०६० टीआय (२०२३): १६ जीबी, १६५ वॅट, सुमारे २२ टेराफ्लॉप्स, २८८ जीबी
- आरटीएक्स ५०६० टीआय (२०२५): १६ जीबी, १८० वॅट, सुमारे २४ टेराफ्लॉप्स, ४४८ जीबी

टेराफ्लॉप्सला वॅटने भागा. १०६० ला एका वॅटमागे सुमारे ३७ गिगाफ्लॉप्स, ३०६० ला ७५, ४०६० ला १३०. सात वर्षांत साडेतीन पट. याचं मोठं कारण चिप बनवण्याची पद्धत. १०६० १६ नॅनोमीटरच्या पद्धतीवर, ३०६० ८ च्या, तर ४०६० त्याहून बारीक, ५ नॅनोमीटरच्या घराण्यातली. ट्रान्झिस्टर बारीक झाला की त्याच कामाला वीज कमी लागते. ४०६० आणि ५०६० टीआय यांचा भागाकार मात्र जवळपास सारखाच येतो, कारण चिपची पद्धत तिथे फारशी बदललेली नाही. त्यामुळे "नवीन पिढी म्हणजे लाईट कमी" हे दरवेळी खरं नसतं, भागाकार करूनच बघावं.

या यादीत तीन गोष्टी दिसत नाहीत, त्या लक्षात ठेवा.

एक, टेन्सर कोअर. १६ बिटांची गणितं झपाट्याने करणारा हा भाग घरगुती कार्डांत आरटीएक्स २० पासून, म्हणजे २०१८ पासून आला. जीटीएक्स १० मध्ये तो नाही, आणि नंतर आलेल्या जीटीएक्स १६ मध्येही नाही. मिश्र अचूकतेने ट्रेनिंग केलं की मेमरीही वाचते आणि वेळही. कोडमध्ये दोन-चार ओळींचा बदल असतो.

दोन, सॉफ्टवेअरचा आधार. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या कुडा १३ ने मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या जुन्या पिढ्यांचा आधार काढून टाकला. जीटीएक्स १० म्हणजे पास्कल. ११ जीबीचं १०८० टीआय आजही कोणीतरी स्वस्तात देईल. घेऊ नका. २५० वॅट खाईल, आणि नव्या लायब्रऱ्या हळूहळू त्याला सोडून पुढे जातील.

तीन, लॅपटॉपमधलं तेच नाव म्हणजे तेच कार्ड नव्हे. लॅपटॉपवरच्या ४०६० ला कंपनीप्रमाणे ३५ पासून ११५ वॅटपर्यंत काहीही मर्यादा असते. नाव एक, वेग वेगळा.

एएमडीची कार्डं पैशाच्या मानाने चांगली असतात, पण त्यांच्या रॉकम या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं तेच मॉडेल आहे का, आणि तुमच्या लॅबचं कोड त्यावर चालतं का, हे आधी तपासा. पीएचडीच्या पहिल्या वर्षात ड्रायव्हरशी भांडत बसायला वेळ नसतो.

पायरी चौथी: कार्डाला लगाम

२०२३ च्या पावसाळ्यात माझ्यासमोर दोन कार्डं होती. ४०६० फक्त ११५ वॅट, पण ८ जीबी. ३०६० जुनी पिढी, १७० वॅट, पण १२ जीबी. लाईटच्या हिशेबाने ४०६० उघड सरस. पण माझं काम १० जीबी मागत होतं. ८ जीबीत बसवायचं तर बॅच लहान करा, तुकडा लहान करा असं सगळं करावं लागलं असतं, आणि तुकडा लहान केला की बागेभोवतीचा परिसर मॉडेलला दिसत नाही. माझा संशोधनाचा प्रश्नच त्यात गेला असता. मी ३०६० घेतलं आणि त्याला लगाम घातला.

लगाम म्हणजे पॉवर लिमिट. लिनक्सवर एसएमआयला एक आज्ञा देऊन कार्डाला सांगता येतं की इतक्या वॅटच्या वर जायचं नाही. विंडोजवर आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रॅममध्ये त्याची पट्टी असते. किमान-कमाल किती ते कार्डानेच ठरवलेलं असतं, आणि पीसी पुन्हा चालू केला की मर्यादा परत घालावी लागते.

हे का जमतं? चिपची वीज ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाला आणि वेगाला गुणून येते. वेग थोडा कमी केला की व्होल्टेजही कमी करता येतं. दोन्ही १० टक्क्यांनी उतरवले तर ०.९ चा घन, म्हणजे ०.७३. कागदावर वेग १० टक्के गेला, वीज २७ टक्के वाचली. कंपन्या कार्ड विकताना शेवटच्या दहा टक्के वेगासाठी भरपूर वीज खर्च करतात, कारण जाहिरातीत वेग दिसतो.

पण लगाम फार आवळूही नका. माझ्या मॉडेलचे आकडे तुम्हाला लागू पडणार नाहीत, म्हणून गोल आकडे घेऊ. समजा १७० वॅटला प्रयोग १० तास घेतो. बाकी पीसीचे ८० धरून २५० गुणिले १०, म्हणजे २.५ युनिट. १२० वॅटला ११ तास लागले तर २०० गुणिले ११, म्हणजे २.२ युनिट. १०० वॅटला १४ तास लागले तर १८० गुणिले १४, म्हणजे २.५२ युनिट. बघा, सगळ्यात कमी वॅटला लाईट सगळ्यात जास्त लागली! बाकीचा पीसी चार तास जास्त चालला ना. तळ मध्ये कुठेतरी असतो. तो शोधायला एकच इपॉक तीन-चार मर्यादांवर चालवा आणि दरवेळी वेळ आणि वॅट लिहा. एका दुपारचं काम आहे.

लाईट बिलाचा हिशेब

आता तिच्या पप्पांचा मुद्दा. महावितरणच्या घरगुती बिलात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे असतात, आणि पुढच्या टप्प्याचा दर आधीच्यापेक्षा बराच जास्त. घरचा वापर महिन्याला ९० युनिट आहे आणि पीसी रोज आठ तास २५० वॅटने चालला, तर ६० युनिटची भर पडते. त्यातले दहाच पहिल्या टप्प्यात बसतात, उरलेले ५० वरच्या दराने लागतात. त्यामुळे हिशेब सरासरी दराने करू नका. तुमच्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवा, आणि मग गुणा.

आपण १२ रुपये धरू. वरच्या उदाहरणात प्रयोगाला २ ऐवजी ०.८३ युनिट लागले. महिन्याला असे २० प्रयोग केले तर सुमारे २३ युनिट वाचले, म्हणजे २८० रुपये. कार्ड २८,००० चं असेल तर पैसे वसूल व्हायला १०० महिने. आठ वर्षं! तोवर पीएचडीही संपलेली असेल आणि कार्डही.

आणि खरं सांगू का, ते २८० रुपयेही वाचत नाहीत. प्रयोग लवकर व्हायला लागले की आपण २० वर थांबत नाही, ६० करतो. ६० गुणिले ०.८३ म्हणजे ५० युनिट. आधी ४० होते. बिल वाढलं! १८६५ मध्ये इंग्लंडमध्ये जेव्हन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलंय: इंजिनं काटकसरी झाली की कोळसा कमी लागत नाही, इंजिनंच वाढतात.

म्हणून घरी खरं सांगा. "लाईट वाचवण्यासाठी कार्ड घेतेय" असं म्हणू नका. "त्याच लाईटीत दुप्पट-तिप्पट प्रयोग होतील" असं सांगा. ते खरं आहे आणि पटणारंही आहे.

मग कमी वॅटचा फायदा काय?

फायदा आहे, आणि आपल्याकडे तो शहरापेक्षा जास्त आहे.

पहिला एसएमपीएस. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत मिळतात, ६ पिनच्या वायरीतून आणखी ७५, ८ पिनच्या वायरीतून १५०. २०१७ च्या साध्या एसएमपीएसला बऱ्याचदा ६ पिनची एकच वायर असते. तिला जोड लावून ८ पिन करू नका. ३०६० आणि ४०६० या दोन्हींसाठी कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. ८० प्लसची खूण असलेला, नीट कंपनीचा घ्या. नुसत्या स्टिकरवरचे वॅट खरे धरले की काय होतं ते मी वर लिहिलंच आहे. अजिबात वायर न लागणारं कार्ड हवं असेल तर २०२४ चं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० फक्त ७० वॅटचं आहे. शिकायला ठीक, संशोधनाला लवकरच अपुरं पडेल.

दुसरा इन्व्हर्टर. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण तो आकडा बॅटरी वीस तासांत हळूहळू उतरवली तर येतो. २५० वॅटचा पीसी लावला की बॅटरीतून पंचवीसेक अँपिअर ओढले जातात, आणि मग त्यातलं बरंच कमी हाती लागतं. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी रोज तळापर्यंत उतरवली की लवकर मरते. त्यामुळे हजार वॅट-तासाच्या पुढे आशा धरू नका. २५० वॅटला चार तास, २०० वॅटला पाच. लाईट पाचला येणार असेल तर तो एक तास फार मोठा असतो. आणि इन्व्हर्टरवरचं बटण यूपीएसच्या बाजूला ठेवा, नाहीतर लाईट जाताना तो बदलायला जास्त वेळ घेतो आणि पीसी बंद पडतो. एक अडचण मात्र आहे. यूपीएसच्या बाजूला असताना व्होल्टेज फार उतरलं की तो बॅटरीवर जातो. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडे हे होतं आणि बॅटरी विनाकारण उतरते. त्या तासांत ट्रेनिंग न लावलेलं बरं.

तिसरं, मे महिना. पीसीने ओढलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहतो. बाहेर ४२ अंश असताना बंद खोलीत २५० वॅटची शेगडी कोण पेटवेल? कार्ड ८३ अंशांच्या आसपास गेलं की स्वतःच वेग उतरवतं, म्हणजे पैसे मोजून घेतलेला वेग उन्हाळ्यात मिळतच नाही. कूलर लावला तर त्याचे वॅट वेगळे, आणि त्याची दमट हवा थेट पीसीवर येऊ देऊ नका. उन्हाळ्यात मी पॉवर लिमिट उतरवते आणि ट्रेनिंग रात्री अकरानंतर लावते.

आणि या सगळ्याच्या आधी चेकपॉइंट. दर इपॉकला, किंवा दर अर्ध्या तासाला, मॉडेलसोबत ॲडमच्या नोंदी आणि इपॉकचा क्रमांकही साठवा, आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. ही सवय मला सहा दिवस घालवून लागली, तुम्ही फुकट लावून घ्या.

कार्ड न घेण्याचा पर्याय

कॅगल आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू फुकट देतं. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडियाएआय मिशनमधून विद्यार्थ्यांना सवलतीत जीपीयू मिळण्याची सोय आहे. विद्यापीठाच्या विभागात सर्व्हर असेल तर गाइडना विचारा, अनेकदा तो रिकामा असतो. तुमचं काम आठवड्याला ३० तासांत मावत असेल तर पहिलं वर्ष कार्डाशिवाय काढा. पहिल्या वर्षी विषयच दोनदा बदलतो, आणि विषय बदलला की मेमरीचा आकडाही बदलतो.

जुनं कार्ड घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. तासभर पूर्ण भारावर चालवून, तापमान आणि पंखा बघूनच पैसे द्या.

प्रबंधात हे लिहा

शेवटचा मुद्दा थेट संशोधनाचा. २०१९ मध्ये स्ट्रुबेल, गणेश आणि मॅकॅलम यांनी भाषेची मॉडेल शिकवायला किती वीज लागते याचा हिशेब मांडला, आणि त्यानंतर लगेच श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी "ग्रीन एआय" ही कल्पना मांडली: अचूकतेच्या जोडीला त्यासाठी किती खर्च झाला तेही सांगा. तुमच्या प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात चार गोष्टी टाका. कार्डाचं नाव, पॉवर लिमिट, एका प्रयोगाचा वेळ आणि भिंतीवर मोजलेले युनिट. अर्ध्या टक्क्याने अचूकता वाढवणारं मॉडेल पाचपट युनिट खात असेल, तर जिल्ह्याच्या कृषी कार्यालयातल्या साध्या पीसीवर ते चालणार आहे का, हा प्रश्न परीक्षक विचारतील. उत्तर तुमच्याकडे तयार असेल.

मंठ्याच्या त्या मुलीला मी कार्डाचं नाव सांगितलं नाही. तिला तीन कामं दिली: जीपीयूचा वापर किती टक्के ते बघ, कॅगलवर मेमरीचा आकडा काढ, आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा व पिनांचा फोटो पाठव. काल उत्तर आलं. वापर ३५ टक्के, डेटा जुन्या हार्ड डिस्कवर, मेमरी साडेचार जीबी. तिला सध्या कार्ड नको, एसएसडी हवी. पप्पांना सांगायला ती स्वयंपाकघरात गेली म्हणे, आणि त्यांनी लगेच विचारलं, "मग ती किती वॅटची?"